१५ ऑगस्टच्या पावसात दहा किलोमीटर पळायचं तर

बेळगावजवळच्या उचगाव भागातल्या एका बावीस वर्षांच्या मुलाने विचारलं आहे. गावातल्या मंडळाने १५ ऑगस्टला सकाळी १० किलोमीटरची शर्यत ठेवली आहे. वेंगुर्ले रस्त्याने पाच किलोमीटर पश्चिमेला जायचं आणि वळून परत यायचं. पाऊस उघडायचं नाव घेत नाही, रस्त्याला खड्डे आहेत, वारा तोंडावर येतो. सरावात ४६ मिनिटं लागतात आणि शर्यतीत ४५ च्या आत यायचं मनात आहे. वडील म्हणतात, असल्या पावसात पळू नको. बूट कोणते घालू, कपडे कोणते, पाणी किती, वाऱ्याचं काय करू, आणि मुळात पळू की नको?

माझ्या धाकट्याच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीतच लिहितो. सैन्यभरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करणारी पोरं आणि लांब पल्ल्याची पोरं मिळून वीसेक वर्षं या रस्त्यांवर पळवली आहेत, त्याआधी स्वतः पळलो आहे. तू बूट पहिला विचारलास आणि वारा शेवटी. मी उलट्या बाजूने येतो, कारण तुझी शर्यत वाऱ्यावर ठरणार आहे.

त्याआधी ते ४५ मिनिटांचं. ते त्या दिवसापुरतं सोडून दे. तयारी कमी आहे म्हणून सांगत नाही. ४६ वरून ४५ वर येणं कोरड्या, सपाट रस्त्यावर तुला नक्की जमेल, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत ते जमवून घेऊ. पण आश्लेषाच्या पावसात, समोरच्या वाऱ्यात, खड्ड्यांच्या रस्त्यावर घड्याळ बघून पळणारा पोरगा पहिल्या तीन किलोमीटरमध्येच स्वतःला संपवून घेतो. घड्याळात आकडा मागे दिसतो, तो भरून काढायला तो जोर लावतो, वारा तो जोर खाऊन टाकतो, आणि परतीच्या वाटेवर, जिथे खरं पळायचं असतं, तिथे पायात काही उरत नाही. असल्या दिवशी वेळ खराबच येते, आणि ती सगळ्यांचीच येते. आपण कितवे आलो आणि शेवटचे तीन किलोमीटर कसे पळालो, एवढंच बघायचं.

हे मी तुला समजावण्यापुरतं बोलत नाही. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन बघ. तीही सुट्टीच्या दिवशीचीच शर्यत, एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी त्यांच्याकडे पेट्रियट्स डे असतो त्या दिवशीची. त्या वर्षी तीन-चार अंश थंडी, धो धो पाऊस आणि जवळजवळ सगळी वाट समोरून वारा. मोठमोठे धावपटू अर्ध्यातून बाहेर पडले. बायकांत जिंकली अमेरिकेची डेझिरी लिंडेन, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत. याच बाईने २०११ साली त्याच रस्त्यावर २ तास २२ मिनिटं ३८ सेकंद दिले होते आणि ती दुसरी आली होती. म्हणजे सतरा मिनिटं जास्त लावली आणि जिंकली. त्या दिवशी सुरुवातीलाच तिला इतकं जड जात होतं की सोडून देण्याचा विचार तिने सोबतच्या शलेन फ्लॅनगनला बोलून दाखवला होता, आणि सोडायचंच आहे तर तुला मदत तरी करते म्हणून लिंडेन तिच्यासाठी वाटेत मागेही राहिली होती. पुरुषांत जिंकला जपानचा युकी कावाउची, तेव्हा सरकारी नोकरी सांभाळून पळणारा माणूस. त्याची वेळ २ तास १५ मिनिटं ५८ सेकंद, स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सात मिनिटांहून जास्त. त्याच्या पुढे आदल्या वर्षीचा विजेता आणि जगज्जेता जेफ्री किरुई भरपूर अंतराने पळत होता. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरात किरुईचे पाय गेले आणि कावाउची त्याला ओलांडून गेला. आपल्याकडे ऑगस्टात पहाटेही वीस अंशांच्या फारसं खाली सहसा जात नाही, तेव्हा ती थंडी आपल्याला नाही. वारा आणि पाणी मात्र तेच.

आता वाऱ्याचा हिशेब. ४५ मिनिटांत १० किलोमीटर म्हणजे ताशी १३.३ किलोमीटर. वारा अजिबात नसला तरी तेवढ्या वेगाची हवा तुझ्या छातीवर येतेच. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा धर. छातीवरची हवा झाली ताशी २८, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. पण हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारा जोर चौपटीच्याही वर जातो. परत येताना तोच वारा पाठीशी आला की छातीवरची हवा जवळपास शून्य होते. म्हणजे जाताना जास्तीचे तीन-साडेतीन हिस्से गेले आणि येताना फार तर एक हिस्सा वाचला. जाताना जे गमावलं ते येताना भरून निघेल असं वाटतं, ते कधीच निघत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की जाताना तुटून पडायची खुमखुमी आपोआप कमी होते.

तुझं नशीब असं की पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे तुला जाताना समोरून आणि येताना पाठीशी. ही चांगली बाजू आहे. उलटी वाट किती वाईट, ते मी भोगलं आहे. मी तेविशीत असताना अशाच एका १५ ऑगस्टच्या शर्यतीत पश्चिमेकडच्या एका गावातून सुटून शहराकडे जायचं आणि परत यायचं होतं. सुटायची वेळ साडेसहाची. पाहुणे यायला उशीर, मग नारळ, मग भाषणं. आम्ही पन्नास मिनिटं गंजिफ्रॉकवर पावसात उभे. शिट्टी झाली तेव्हा माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या, पण वारा पाठीशी होता. पाय आपोआप उचलले जात होते आणि मला वाटलं, आज काही वेगळंच आहे. पहिले पाच किलोमीटर एकोणीस मिनिटांत काढले. इतक्या वेगाने मी सरावात कधी पाच किलोमीटर पळलो नव्हतो. वळलो आणि वाऱ्याने छातीत हात घालून मागे ढकलल्यासारखं झालं. सातव्या किलोमीटरला डाव्या मांडीचा मागचा स्नायू कटकन ओढला गेला. लंगडत एका घराच्या पडवीला टेकलो. पळणं थांबलं आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरली, बोटं इतकी आखडली की बुटाची नाडी सुटेना. त्या घरातली म्हातारी म्हणाली, “आत ये की लेकरा, गारठलास की.” तिने घोंगडं दिलं, चुलीपुढं बसवलं, गुळाचा कोरा चहा दिला. त्यानंतर दोन महिने पळणं बंद होतं.

त्या दिवशी मी तीन चुका केल्या आणि तिन्ही टाळता येण्यासारख्या होत्या. पहिली, भिजत उभा राहिलो. सुट्टीच्या दिवशीची शर्यत वेळेवर सुटेल असं धरूच नकोस. ध्वजवंदन असतं, पाहुणे असतात, कधी सगळी शाळा आलेली असते. घरून खोळ घेऊन जा, खताच्या रिकाम्या पोत्याची, रोप लावणीला बायका डोक्यावरून घेतात ती. आतून पुसून कोरडी केलेली. वारा आणि पाऊस दोन्ही अडवते, आणि हरवली तरी हळहळ नाही. जुना रेनकोट असेल तर तोही चालेल. सुटायच्या दोन मिनिटं आधी ती घरच्या माणसाच्या हातात द्यायची. थंडी तुला पळताना वाजणार नाही, कारण पळणारं शरीर भट्टीसारखं असतं. ती वाजते उभं असताना, सुटायच्या आधी आणि संपल्यावर. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे वीस अंशांतही ओल्या कपड्यांनी वाऱ्यात उभा राहिलेला सडपातळ पोरगा कुडकुडतो.

दुसरी चूक, अंग गरम केलं नाही. तू आडोशाला, शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या मंडपात, दहा-बारा मिनिटं हलकं पळ, गुडघे उचल, पाय पुढं-मागं झुलव, शेवटी चार-पाच छोट्या जलद धावा. सुटायला उशीर होत असेल तर दर पाच मिनिटांनी पुन्हा. भाषण चालू असताना मागे उड्या मारणारा पोरगा वेडा दिसतो, दिसू दे.

तिसरी चूक वेगाची, आणि त्यावर तुला नीट सांगतो. ४५ मिनिटांसाठी एका किलोमीटरला साडेचार मिनिटं लागतात. समोरून वारा असताना पहिले दोन किलोमीटर चार-पन्नासने गेले तरी घाबरू नको. घड्याळ मनगटावर उलटं फिरव आणि श्वास ऐक. पहिल्या दोन किलोमीटरात शेजारच्याशी चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत दोन-तीन शब्द. वळल्यावर बोलणं बंद. जाताना एकटा पळू नकोस. तुझ्या ताकदीच्या दोन-तीन पोरांची टोळी धर आणि पुढच्याच्या मागे एक-दीड पावलावर, किंचित बाजूला राहा. अगदी पाठीला लागलास तर त्याच्या टाचेचं पाणी डोळ्यात जातं आणि खड्डा दिसत नाही. पाळीपाळीने पुढे जायचं. फुकट कुणाच्या पाठीमागे पाच किलोमीटर काढायचे नाहीत, तो आपल्याच गावचा असतो. वळल्यावर टोळी सोडायची, कारण पाठीमागून वारा असताना कुणाच्या आडोशाचा उपयोग नाही. पाचव्यापासून सातव्यापर्यंत हळूहळू वाढव, आणि सातव्यानंतर जे उरलं आहे ते सगळं. जाताना सुसाट सुटलेली पोरं तुला तिथेच भेटतील.

रस्ता मात्र आधी बघायचा. दोन दिवस आधी सायकल काढ आणि पाचही किलोमीटर जाऊन ये, पावसातच. साचलेल्या पाण्याच्या प्रत्येक डबक्याखाली खड्डा आहे असं धरून चालायचं, आणि तो किती खोल आहे ते त्या दिवशी पायाने मोजायचं नाही. कुठल्या वळणावर डावीकडून जायचं, कुठे मधून, ते पाठ कर, खुणेला झाड, दुकान, मैलाचा दगड धर. रस्त्याचा मध्य उंच असतो आणि पाणी कडेला येतं, म्हणून रहदारी बंद ठेवली असेल तर मधूनच पळ. बंद नसेल तर हट्ट करू नको, कडेचं पाणी परवडलं. शेतातून ट्रॅक्टर जिथे रस्त्यावर चढतात तिथे तांबड्या चिखलाचा थर असतो, लोण्यासारखा निसरडा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, शेवाळ धरलेलं काँक्रीट, हे सगळं ओलं झालं की काच. तिथे पाऊल लांब टाकायचं नाही. पावलं छोटी आणि भरभर, पाय कंबरेच्या खालीच पडला पाहिजे, पुढे फेकायचा नाही. उतारावर मागे झुकून ब्रेक मारलास तर टाच सटकते. किंचित पुढे झुकून, छोट्या पावलांनी, हात थोडे फाकवून उतर. हे शर्यतीच्या दिवशी शिकता येत नाही. उरलेल्या दिवसांत निदान तीन वेळा भर पावसात पळ, त्यातलं एकदा याच रस्त्यावर.

आणखी एक, प्रभातफेरी. त्या दिवशी सकाळी शाळेची लेकरं झेंडे घेऊन याच रस्त्यावर असणार. ती दिसली की वेग कमी करायचा, लांबून आवाज द्यायचा. दहा सेकंद गेले तर जाऊ देत.

आता बूट. नवे नकोत. ज्या बुटात शंभर-दीडशे किलोमीटर झाले आहेत आणि ज्याच्या तळाची नक्षी अजून शिल्लक आहे, तोच घाल. पाणी आत येणारच आहे, तेव्हा जे बाहेर जाऊ देतं ते वरून जाळीचं कापड चांगलं. आत सुती मोजा घालू नको. तो पाणी धरून ठेवतो, सुरकुततो आणि फोड आणतो. नाडीला दुहेरी गाठ मारून टोकं खाली खोच. अनवाणी पळायचं मनात असेल तर आधीच सांगतो, नको. आमच्याकडची पोरं मला नेहमी चौगुल्यांचं नाव सांगतात, आणि अभिमान मलाही आहे. पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारे शेतकरी दोराबजी टाटांनी पाहिले आणि त्यातून १९२० साली चार धावपटू आणि दोन पैलवान अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यातले फडेप्पा दरेप्पा चौगुले आपल्या बेळगावचे. मॅरेथॉनला ते एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत, आणि त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. पण तुझ्या रस्त्यावर फुटलेली खडी आहे, बाटल्यांच्या काचा आहेत, आणि पाण्यात भिजून मऊ पडलेली कातडी लगेच कापते. कापलेल्या पायाने गटाराच्या पाण्यातून पळणं म्हणजे लेप्टोला, लेप्टोस्पायरोसिसच्या तापाला, आमंत्रण. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून त्याचा जंतू पाण्यात येतो आणि जखमेतून आत जातो. म्हणून बूट घातले असले तरी घरी गेल्यावर पाय साबणाने धू, ओरखडा असेल तर औषध लाव. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आपणहून सांग की मी साचलेल्या पाण्यातून पळलो होतो. ते सांगितलं नाही तर साधा ताप म्हणून गोळ्या मिळतात आणि दिवस वाया जातात.

कपड्यांचं थोडक्यात. सुती बनियन नको, ड्रायफिटचा अंगाला बसणारा बिनबाह्यांचा टीशर्ट आणि तशीच आखूड चड्डी. ढगळ कपडा भिजला की वाऱ्यात शिडासारखा भरतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, स्तनाग्रांवर आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलिन भरपूर लाव. हे लाजून टाळणाऱ्या पोरांच्या टीशर्टवर शेवटी रक्ताचे दोन डाग असतात. पुढे झडप असलेली टोपी घाल, डोळ्यात पाऊस जात नाही. छातीवरचा नंबर कागदाचा असेल तर आदल्या रात्री दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लाव, नाहीतर दुसऱ्या किलोमीटरलाच लगदा होतो आणि शेवटी नोंद करणाऱ्यांशी वाद.

खाण्यात वेगळं काही करायचं नाही. आदल्या रात्री आमटी-भात, पोटाला हलकं. कुणाच्या घरी सणाचं जेवण असेल तर दुसऱ्या दिवशी खा. सकाळी दोन तास आधी चहा आणि दोन केळी. पावसात तहान कळत नाही, पण घाम येतोच, आणि हवा दमट असल्याने तो वाळत नाही, म्हणून अंग आतून तापतं. सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक तांब्या पाणी थोडं थोडं करून पी. वाटेत वळणावर दोन घोट पुरेत.

पळू की नको, हे आता. पाऊस हे कारण नाही, वाराही नाही. पण गडगडाट ऐकू आला तर शर्यत तिथेच संपली असं समज, पक्क्या घरात जा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नको. सोसाट्याचा वारा असेल तर निलगिरीच्या रांगेखालून पळायचं नाही. मोरीवरून किंवा पुलावरून पाणी वाहत असेल तर घोट्यापर्यंत दिसलं तरी माघारी फिर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात पाण्याने काय केलं ते तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. ताप, छातीत कफ, जुलाब यातलं काही असेल तर जाऊ नको. नुसतं नाक गळत असेल तर अंग गरम करताना कळेल, बरं वाटलं तर पळ. आणि वाटेत स्नायू ओढला, चक्कर आली, तोंडातून शब्द नीट फुटेनात, तर पुढच्या पडवीला थांब. मी थांबलो होतो, म्हणून आज लिहितो आहे.

वडिलांना हे सगळं वाचून दाखव. नको म्हणतात ते बरोबरच आहे, त्यांनी असल्या पावसात गारठलेली माणसं पाहिली असतील. त्यांना घरी बसवू नको, सोबत घे. सुटताना खोळ त्यांच्या हातात दे आणि शेवटच्या रेषेच्या पुढे पन्नास पावलांवर, आडोशाला उभं राहायला सांग. त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत वर टॉवेल, त्याखाली कोरडा शर्ट, त्याखाली लुंगी किंवा पँट, तळाला चपला, आणि थर्मासात गरम गोड चहा. रेषा ओलांडलीस की कुणाशी बोलत उभा राहू नको, फोटो नंतर. आधी डोकं पूस, मग ओला टीशर्ट काढ, कोरडा घाल, मग चहा. पाच मिनिटांत हे झालं पाहिजे. बूट घरी आणून चुलीजवळ ठेवू नको, तळाचा डिंक सुटतो. आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे भर आणि दोन-तीन तासांनी बदल. कितवा आलास ते कळव, आणि शेवटचे तीन किलोमीटर कसे गेले तेही. वेळ सांगितली नाहीस तरी चालेल.